डेनालीत दोन-तीन दिवस जास्तीचे मिळाले तर: प्रवेशद्वार, टेक्लानिका, बिनवाटेचा टुंड्रा की दक्षिणेची बाजू?

अलास्काचा दौरा आखताना डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या वाट्याला बहुधा एक पूर्ण दिवस आणि त्याच्या मागेपुढे एकेक रात्र येते. सकाळी बसने आत जायचं, संध्याकाळी बाहेर यायचं आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने फेअरबँक्स किंवा अँकरेज गाठायचं. उद्यान नुसतं पाहून यायचं असेल तर एवढं पुरतं. ज्याला मनसोक्त चालायचं आहे आणि कॅमेरा घेऊन थांबायचं आहे, त्याला मात्र पुरत नाही. मग दोन-तीन दिवस वाढवायचे ठरतं आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो: हे दिवस नेमके कुठे घालवायचे? ढोबळमानाने चार पर्याय आहेत. चारही चांगले आहेत, पण एकातून जे मिळतं ते दुसऱ्यातून मिळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. डेनालीत वाढवलेले दिवस त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा उभं राहण्यासाठी वापरावेत. रोज नवं ठिकाण गाठायच्या घाईत इथे हाती फार थोडं लागतं.

याचं कारण खुद्द तो डोंगर, डेनाली. ६,१९० मीटर उंचीचं हे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर उन्हाळ्यात बहुतेक वेळ ढगांत असतं. येणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकालाच ते दिसतं. (जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने शिखराचं अधिकृत नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली केलं. उद्यानाचं नाव डेनालीच आहे, आणि इथे मी शिखरालाही डेनालीच म्हणतो आहे.) रोजची शक्यता एक तृतीयांश धरली तर तीन दिवसांत एकदा तरी शिखर दिसण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात ढगाळ दिवस सलग येतात, उघडिपीचेही सलग येतात, त्यामुळे आकडा थोडा खाली धरावा. तरीही एका दिवसाचे तीन दिवस केल्याने जो फरक पडतो, तो कुठल्याही महागड्या लेन्सने पडत नाही.

आधी रस्त्याची गोष्ट

सुमारे २४,५०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात रस्ता एकच आहे. प्रवेशद्वारापासून कँटिश्नापर्यंत १४८ किलोमीटर. इथे सगळी ठिकाणं मैलांच्या दगडांवरून ओळखतात, म्हणून मीही मैलच वापरतो. पहिले १५ मैल, म्हणजे सॅव्हेज नदीपर्यंत, उन्हाळ्यात खासगी गाडी नेता येते. त्यापुढे फक्त उद्यानाच्या बस.

४५व्या मैलाजवळ प्रिटी रॉक्स नावाची जागा आहे. तिथे जमिनीखालचं कायमचं गोठलेलं थर वितळू लागल्याने डोंगरउतार घसरत गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रस्ता बंद करावा लागला. तेव्हापासून बस ४३व्या मैलाशी, ईस्ट फोर्क नदीपाशी, थांबून मागे वळतात. घसरणीवरून पूल बांधण्याचं काम हाती घेतलेलं आहे. तारखा ठरवण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची ताजी स्थिती पाहणं अत्यावश्यक आहे, कारण पुढची सगळी तुलना रस्ता ४३व्या मैलापर्यंतच खुला आहे असं धरून केली आहे.

फोटोग्राफरला याचा मोठा फटका बसतो. शांत तळ्यात पडलेलं शिखराचं प्रतिबिंब, ही डेनालीची सर्वांत परिचित चौकट, ८५व्या मैलाच्या वंडर लेकच्या परिसरातली आहे. तिथून शिखर चाळीसेक किलोमीटरवर आहे. १२व्या-१३व्या मैलाच्या माउंटन व्हिस्टापासून ते शंभर किलोमीटरहून जास्त लांब पडतं. दोन्हीकडून शिखर दिसतं, पण पहिल्या ठिकाणी ते समोर उभं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी क्षितिजावर. वंडर लेकचंच चित्र डोळ्यांसमोर ठेवून जाणार असाल तर रस्ता खुला होईपर्यंत सहल पुढे ढकला, किंवा छोट्या विमानाने कँटिश्नातल्या एखाद्या लॉजवर जाण्याइतका खर्च करायची तयारी ठेवा.

पहिला पर्याय: प्रवेशद्वाराशी मुक्काम, रोज आत-बाहेर

अनुभवी मंडळी या पर्यायाकडे नाक मुरडतात, आणि ते मला पटत नाही. रायली क्रीकच्या तळावर तंबू लावा किंवा उद्यानाबाहेर हॉटेलात राहा. दोन्हींत एक गोष्ट मिळते जी आत राहणाऱ्यालाही मिळत नाही. तुमची गाडी रात्री अकरा वाजताही सॅव्हेज नदीपर्यंत जाऊ शकते.

याचं महत्त्व जूनमध्ये कळतं. तेव्हा सूर्य मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि पहाटे चारच्या आधी उगवतो, आणि दोन्ही वेळा उत्तरेकडे झुकलेला असतो. सॅव्हेजच्या बाजूने पाहिलं तर शिखर नैर्ऋत्येला आहे. म्हणजे पहाटेचं ऊन थेट शिखराच्या अंगावर पडतं आणि मावळतीचं उजव्या बाजूने येतं. बस मात्र दिवसाच्या मधल्या तासांत धावतात, जेव्हा उजेड सपाट असतो. निव्वळ निसर्गचित्रणासाठी आला असाल आणि गाडी हाताशी असेल, तर भर दुपारी ईस्ट फोर्कला पोहोचण्यापेक्षा पहाटे साडेतीनला माउंटन व्हिस्टावर असणं जास्त मोलाचं.

चालण्यासाठीही हा भाग कमी नाही. सगळ्या उद्यानातल्या आखलेल्या पायवाटा मुख्यतः इथेच आहेत. माउंट हीली ओव्हरलूकची चढण सुमारे पाचशे मीटरची. दम काढते, पण झाडं संपतात त्या रेषेच्या वर नेते. ट्रिपल लेक्सची वाट जवळजवळ पंधरा किलोमीटर लांब, उद्यानातली सर्वांत मोठी. मला सगळ्यांत आवडते ती सॅव्हेज अल्पाइन ट्रेल. साडेसहा किलोमीटर, साडेचारशे मीटरच्या आसपास चढ, आणि वर गेल्यावर कातळांचे सुळके नि उघडा टुंड्रा. दोन टोकं वेगवेगळ्या ठिकाणी निघतात, पण दोन्ही टोकांजवळ उद्यानाची मोफत शटल थांबते, त्यामुळे गाडीची अडचण येत नाही. आकाश उघडं असेल तर वरून शिखरही दिसतं.

उणी बाजू: प्रवेशद्वाराजवळ सगळा स्प्रूसच्या झाडांचा दाट पट्टा आहे. तिथून शिखर दिसत नाही आणि नजर लांब जात नाही. रानाचा एकांत हवा असेल तर तो इथे नाही. जुलैच्या दुपारी तर गर्दीच असते. मात्र मूस (मोठ्या अंगाचं हरीण) पाहायचा असेल तर हेच पहिले १५ मैल चांगले, विशेषतः सप्टेंबरमध्ये, नरांच्या माजाच्या दिवसांत.

इथे बसबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिकीट काढताना हमखास गोंधळ होतो. टूर बसमध्ये चालक माहिती सांगत जातो, पण मध्येच उतरून भटकता येत नाही. ट्रान्झिट बसमध्ये तसं साग्रसंगीत निवेदन नसतं, पण वाटेत जवळपास कुठेही उतरता येतं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर पुन्हा चढता येतं. चालणाऱ्याने आणि फोटो काढणाऱ्याने ट्रान्झिटच घ्यावी, तीही दिवसातली सर्वांत लवकरची. आत जाताना डावीकडची खिडकी धरा.

दुसरा पर्याय: टेक्लानिकाला तळ

२९व्या मैलावरचा टेक्लानिका हा कॅम्पग्राउंड ५३ जागांचा आहे. इथे स्वतःची गाडी किंवा कॅम्परव्हॅन नेता येते, पण अट कडक आहे. किमान तीन रात्रींचं आरक्षण लागतं आणि एकदा गाडी लावली की निघायच्या दिवसापर्यंत ती हलवायची नाही. ज्याच्याकडे नेमके तीन दिवस वाढवायला आहेत त्याला ही अट जाचक वाटायचं कारण नाही, उलट ती त्याच्या पथ्यावर पडते.

टेक्लानिकाला राहणाऱ्यांना एक खास बस-पास मिळतो. एका फेरीच्या पैशांत मुक्काम संपेपर्यंत पुढच्या बसमध्ये रोज बसता येतं. म्हणजे आज ढग आहेत? उद्या पुन्हा जा. आज पाऊस आहे? नदीपात्रात फिरा, परवा जा. सुरुवातीला म्हटलेलं, त्याच जागी पुन्हा उभं राहणं, इथे अतिरिक्त खर्चाशिवाय जमतं. प्रवेशद्वारापासून निघालेल्याचा बराच वेळ टेक्लानिकापर्यंत येण्यातच जातो. तुम्ही तिथेच उठलेले असता.

आणि ३०व्या मैलापासून पुढचा पट्टा प्राण्यांच्या फोटोंसाठी रस्त्याचा सर्वांत दाट भाग आहे. इग्लू आणि कॅथीड्रल डोंगरांवर डॉल मेंढ्या असतात. पांढरे ठिपके दिसले की दुर्बिणीने पाहावं. १९१७ मध्ये हे उद्यान स्थापन झालं ते मुळात याच मेंढ्यांची बेसुमार शिकार थांबवण्यासाठी, चार्ल्स शेल्डन या निसर्ग अभ्यासकाच्या पाठपुराव्यामुळे. त्यापुढे ३९व्या मैलाच्या आसपास सेबल पास. हा ग्रिझली अस्वलांचा भाग, म्हणून इथे रस्ता सोडून चालायला बंदी आहे.

अस्वलांचा फोटो हा स्वतंत्र मुद्दा आहे. पायी असताना अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर, अंतर ठेवणं बंधनकारक आहे. एवढ्या अंतरावरून ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये अस्वल म्हणजे टुंड्रातला एक तपकिरी ठिपका. बस मात्र रस्त्यावरून चालणाऱ्या अस्वलासाठी थांबते आणि ते कधी खिडकीच्या अगदी जवळून जातं. तेव्हा अस्वलाचा जवळचा फोटो बसमधूनच मिळतो, आणि तोच सुरक्षितही असतो. ट्रायपॉडचा तिथे उपयोग नाही. खिडकीच्या कडेवर ठेवायला कापडी पिशवी किंवा गुंडाळलेलं जाकीट घ्या आणि शटरचा वेग चढा ठेवा. रस्त्याच्या कच्च्या भागात धूळ इतकी असते की बसमध्ये लेन्स बदलूच नये.

टेक्लानिकाची मर्यादा एकच, पण मोठी. पहाटेच्या उजेडात तुम्ही पायी जाल तेवढ्याच परिघात असता. तळाजवळून शिखर दिसत नाही. नदीचं रुंद, वेण्यांसारखं फाटत गेलेलं पात्र, रंगीत डोंगर आणि निरव रात्र एवढं हाती असतं. मला ते पुरतं. शिखरावरची पहिली किरणंच हवी असतील त्याने पहिला पर्याय घ्यावा.

छोटा तंबू असलेल्यांसाठी २२व्या मैलाला सँक्चुअरी आणि ३५व्या मैलाला इग्लू क्रीक हे प्रत्येकी सात जागांचे, फक्त तंबूंचे तळ आहेत. तिथे बसनेच जायचं. इग्लू क्रीक मिळाला तर सोडू नका.

तिसरा पर्याय: बिनवाटेच्या रानात पाठपिशवी घेऊन

डेनालीचा अंतर्भाग ८७ विभागांत वाटलेला आहे आणि अनेक विभागांत एका रात्री किती जणांनी राहायचं याची मर्यादा आहे. परवाना विनामूल्य, पण प्रत्यक्ष हजर राहून घ्यावा लागतो. त्यामुळे हवा तो विभाग मिळेलच असं घरबसल्या ठरवता येत नाही. अन्न ठेवायला अस्वलाला न उघडणारा डबा सक्तीचा आहे आणि तो तिथेच वापरायला मिळतो. तंबू रस्त्यापासून किमान अर्धा मैल दूर आणि रस्त्यावरून न दिसणारा हवा. स्वयंपाक आणि अन्नाचा डबा तंबूपासून शंभर यार्डांवर.

इथे पायवाट नाही, आणि ती तयारही होऊ द्यायची नसते. चौघे असाल तर एकामागोमाग न चालता पसरून चाला, म्हणजे टुंड्रावर वाट पडणार नाही. लांबून मखमली दिसणारा हा टुंड्रा पायाखाली डुगडुगणाऱ्या गवती गठ्ठ्यांचा, ओलाव्याचा आणि कमरेपर्यंतच्या विलो झुडपांचा असतो. ताशी दीड-दोन किलोमीटर धरा. नकाशावर दहा किलोमीटर पाहून अर्ध्या दिवसाची चाल समजणारा माणूस इथे अडकतो.

नद्या हा सर्वांत गंभीर धोका आहे. हिमनदीचं पाणी गढूळ असतं, तळ दिसत नाही, आणि उन्हाच्या दिवशी दुपारनंतर बर्फ वितळून पातळी वाढते. सकाळी लवकर ओलांडा, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा, पात्र जिथे जास्तीत जास्त फाट्यांत विभागलेलं आहे तिथून जा. सकाळी ओलांडलेली नदी संध्याकाळी परतताना ओलांडता येईलच असं नाही, हे धरूनच दिवस आखा.

फोटोग्राफरसाठी हा पर्याय कठीण आहे. अस्वलाचा डबा, तंबू, थंडीचे कपडे, पाऊसकोट एवढं भरल्यावर मोठ्या टेलिफोटोला जागा आणि पाठीत बळ उरत नाही. एक हलकी वाइड किंवा मध्यम झूम, फार तर एक छोटा ट्रायपॉड. बदल्यात मिळतं ते दुसरीकडे कुठेही मिळत नाही: कुणाच्या वेळापत्रकाशी न बांधलेला उजेड. रात्री बाराला लालसर झालेला कडा, समोर कॅरिबूंचा (रानटी रेनडिअरचा) कळप, आणि आसपास मैलोन्‌मैल माणूस नाही.

नकाशावाचनाचा सराव नसेल किंवा एकटेच असाल तर पहिल्याच भेटीत हे करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी ट्रान्झिट बसमधून मध्येच उतरून दिवसभर बिनवाटेचं चाला. दिवसाच्या चालीला परवाना लागत नाही आणि रस्ता नजरेच्या टप्प्यात ठेवता येतो. पायी फिरणाऱ्याला अर्ध्या किमतीत पाऊण आनंद मिळतो.

चौथा पर्याय: दक्षिणेची बाजू

शिखर हेच मुख्य आकर्षण असेल तर उद्यानाच्या प्रवेशद्वाराचा आग्रह सोडून दक्षिणेकडचा विचार करा. टॉकीटना हे गिर्यारोहकांचं छोटं गाव प्रवेशद्वारापासून गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. तिथून छोटी विमानं शिखराभोवती फिरवून आणतात आणि काही फेऱ्यांत हिमनदीवर उतरतातही. रूथ हिमनदीवर उतरलेल्या माणसाला डेनालीचा आकार जसा कळतो, तसा तो रस्त्यावरून कळत नाही. हा खर्च मोठा आहे, पण ज्याच्याकडे एकच दिवस जास्तीचा आहे त्याला मी हाच सुचवीन.

चालणाऱ्यांसाठी डेनाली स्टेट पार्कमधली केसुगी रिज. हे राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेलं, पण वेगळं उद्यान आहे. पार्क्स हायवेला समांतर धावणारी ही झाडांच्या रेषेवरची धार, आणि तिच्यावर आखलेली वाट. चुलिट्ना नदीच्या खोऱ्यापलीकडे सगळी रांग समोर उलगडलेली. संपूर्ण धार करायला दोन-तीन मुक्काम लागतात. एका दिवसात वर जाऊन परतही येता येतं. त्याच परिसरात केसुगी केन कॅम्पग्राउंडमधून करी रिजवर सौम्य चढाची चांगली बांधलेली वाट जाते. गुडघे कुरकुरत असतील तर ती घ्या.

उजेडाचं गणित इथे बदलतं. शिखर वायव्येला असल्याने जूनमधली मावळती जवळजवळ त्याच्या मागे होते आणि काळी आकृती मिळते. रंग हवे असतील तर पहाट साधा. अलास्काच्या आखातावरून येणारी वाफ आधी याच बाजूला अडते, म्हणून पाऊसही इकडे जास्त आणि झुडपंही दाट. प्राणी उत्तरेइतके उघड्यावर दिसत नाहीत.

महिना कोणता?

जून कोरडा, उजेड अमाप, आणि डास तेवढेच. जुलैत डास असतातच, वर पाऊस वाढतो, गर्दीही. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला आठवडा माझ्या पसंतीचा: टुंड्रा लाल-केशरी होतो, डास ओसरतात, ब्लूबेरी पिकलेल्या असतात, कॅरिबूंच्या शिंगांवरची मखमल गळू लागते, सूर्य रात्री नऊ-दहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार पुरेसा झाल्याने उत्तरध्रुवीय प्रकाशाचीही शक्यता असते. जूनमध्ये तो दिसतच नाही, कारण रात्रच होत नाही. पावसाची भीती ऑगस्टमध्ये राहतेच. म्हणून तेव्हा जाणार असाल तर दिवस आणखी वाढवा.

कुणी काय निवडावं

एकच दिवस जास्तीचा: टॉकीटना आणि विमान. दोन दिवस आणि भाड्याची गाडी: प्रवेशद्वाराशी राहा, एक पहाट माउंटन व्हिस्टावर, एक दिवस ट्रान्झिट बस, मधल्या वेळात सॅव्हेज अल्पाइन. तीन दिवस: टेक्लानिका, दुसरा विचार करू नका. चार किंवा जास्त आणि सोबतीला रानाचा सराव असलेला माणूस: दोन रात्री अंतर्भागात, उरलेले दिवस प्रवेशद्वाराशी, म्हणजे परवाना मनासारखा मिळाला नाही तरी आखणी कोलमडत नाही. उत्तर नि दक्षिण दोन्ही तीन दिवसांत बसवायचा मोह टाळा. एक अख्खा दिवस गाडीत जातो आणि दोन्हीकडे ढगच पदरी पडायची भीती वाढते.

पैशांच्या बाबतीत, प्रवेशशुल्क सोळा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकी १५ डॉलर असून ते सात दिवस चालतं, म्हणजे दिवस वाढवल्याने ते वाढत नाही. वाढतो तो मुक्कामाचा आणि बसचा खर्च. टेक्लानिकाचं आरक्षण सगळ्यांत आधी करा आणि त्या तारखांभोवती बाकीचा दौरा बसवा. ड्रोन घरी ठेवा, उद्यानात बंदी आहे. अस्वलांसाठीचा फवारा प्रवासी विमानात नेता येत नाही, तो अलास्कात पोहोचल्यावर घ्यावा लागतो. विमानफेरी ठरवणार असाल तर टॉकीटनातल्या पहिल्याच दिवसाचं तिकीट काढा. हवा बिघडून उड्डाण रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायला वाव राहतो.